लपलेली उंची

परतवाड्यात उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं की सातपुडा समोर येतो. जयस्तंभ चौकाच्या गर्दीत तो कोणाच्या लक्षात येत नाही. गावाच्या कडेला, आरागिरण्यांच्या बाजूला गेलं की मात्र सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांवरून त्याची निळी-करडी रेघ दिसते. उन्हाळ्यात ती धुरकटते आणि दोन-चार चांगले पाऊस पडून गेले की एकदम अंगावर येते. या रेघेच्या डाव्या अंगाला गावीलगड आहे, उजव्या अंगाला मुक्तागिरी. एकाच डोंगरओळीवर माणसांनी दोन उंच जागा निवडल्या. पहिलीवरून सारं वऱ्हाड नजरेत येतं आणि साऱ्या वऱ्हाडाला ती दिसते. दुसरीचं एकही शिखर गावातून दिसत नाही. इथून पंधराएक किलोमीटरवर डोंगरात जैनांची बावन्न मंदिरं आहेत असं परक्या माणसाला सांगितलं, तर तो आधी डोंगराकडं पाहतो आणि मग आपल्याकडं.

जन्म परतवाड्यातला, त्यामुळं दोन्ही जागा मला घरच्याच. घरच्या गोष्टींचा माणूस विचार करत नाही. तो करायला लावला स्कॉटलंडमधल्या एडिंबरानं.

लेक तिकडं नोकरीला आहे. वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडलं की शहर डोक्यावर उभं असतं. अरुंद गल्ल्यांतून, घासून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून चढत आपण एका लांब उतरत्या रस्त्यावर येतो. हा रस्ता म्हणजे रॉयल माइल. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला राजवाडा आणि मध्ये, चढाच्या खांद्यावर, सेंट जाइल्सचं कॅथीड्रल. किल्ल्याखालचा खडक हा सुमारे पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला काळा दगड. पुढं हिमयुगात बर्फाचे लोंढे त्याच्यावरून सरकले. पुढचा भाग कडा होऊन उभा राहिला आणि मागं लांब शेपटीसारखी चढण उरली. त्या शेपटीवर शहर वसलं. मेळघाटाचा काळा दगडही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे त्यांच्यापुढं अगदी कालचा. दगडाचा रंग ओळखीचा निघाल्यावर मला त्या गावात फार परकं वाटेना.

सेंट जाइल्सच्या माथ्यावर टोकदार मनोरा नाही, दगडी मुकुट आहे. चारी बाजूंनी दगडाच्या कमानी उठतात आणि हवेत एकमेकींना टेकतात. इसवी सन १५०० च्या आसपासचं हे काम. खालून कुठूनही पाहा, डोकं वर केलं की हा मुकुट दिसतोच. तेच त्याचं काम आहे. युरोपातल्या टेकड्यांवरच्या कॅथीड्रलांनी शेकडो वर्षं हेच केलं. इंग्लंडमधलं लिंकनचं कॅथीड्रल उंच टेकडीवर, आणि त्यावर १३११ साली चढवलेला मनोरा इतका उंच की तेव्हा जगात त्याच्यापेक्षा उंच बांधकाम नव्हतं असं मानतात. १५४८ साली तो कोसळला. शेतात वाकलेल्या माणसानं पाठ सरळ केली की त्याला आधी देऊळ दिसावं, ही त्यामागची योजना. आपला देव कुठं आहे आणि आपल्यावर कोण आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका नजरेत.

सेंट जाइल्सच्या बाबतीत दुसऱ्या उत्तराची गंमत झाली. राजा पहिल्या चार्ल्सनं १६३३ साली इथं बिशप बसवला. इंग्रजी धाटणीची नवी प्रार्थनापोथी लादली. २३ जुलै १६३७ ला त्या पोथीचं वाचन सुरू होताच जेनी गेडेस नावाच्या भाजीवालीनं बसायचं स्टूल उचललं आणि वाचणाऱ्याच्या दिशेनं भिरकावलं, अशी तिथली परंपरागत हकीकत आहे. दंगल उसळली. पुढल्या वर्षी या लादण्याविरुद्धच्या करारनाम्यावर देशभर सह्या झाल्या आणि त्यातून लढाया पेटल्या. बिशप गेले, मध्ये परत आले, १६८९ नंतर कायमचे गेले. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये आज बिशपच नाहीत. ज्याच्यामुळं देवळाला कॅथीड्रल म्हणायचं ते बिशपचं आसन गेलं, इमारत राहिली आणि लोक तिला अजून कॅथीड्रल म्हणतात. आत त्या बाईच्या आठवणीला ब्राँझचं एक छोटं स्टूल ठेवलं आहे. गुजरीत भाजीच्या भावावरून गिऱ्हाइकाला सुनावणाऱ्या आमच्याकडच्या बाया मला तिथं आठवल्या. त्यांच्या हाताशी स्टूल नसतं एवढंच, वजनं असतात.

बाहेर फरशीत दगडांचं एक हृदय जडवलं आहे. जुन्या तुरुंगाची ती जागा. येणारे-जाणारे गावकरी त्यावर थुंकतात. तुरुंगाच्या रागातून सुरू झालेली रीत आता शुभ मानली जाते. देवळाच्या दारात रीतसर थुंकायची सोय पाहून खर्रा खाणाऱ्या आमच्या चौकातल्या चार-दोघांची मला फार याद आली.

आत गेलो. निळ्या रंगवलेल्या छताखाली, जाडजूड खांबांच्या मधून फिरता फिरता लेकीनं एका संगमरवरी स्मारकाकडं बोट दाखवलं. ७८ वी हायलँडर्स पलटण. १८४४-४५ मध्ये सिंधात दगावलेल्यांची ती आठवण. सिंधाशी माझा संबंध नाही, पण ७८ हा आकडा मला माहीत होता. गावीलगडाच्या लढाईबद्दल थोडंफार वाचलेला वऱ्हाडातला कोणीही माणूस तिथं थबकला असता. मग वर किल्ल्यासमोरच्या पटांगणात गेलो, तर त्याच पलटणीचा आणखी एक स्मृतिस्तंभ आणि तिचं बोधचिन्ह: हत्ती. जालना जिल्ह्यातल्या असईच्या इंग्रज-मराठा लढाईचा हत्ती, २३ सप्टेंबर १८०३ चा. थंड वाऱ्यात, काळ्या खडकावर, आपल्याकडचा हत्ती. त्याच पलटणीतले लोक असईनंतर दोन महिन्यांनी अडगावला लढले आणि त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी आमच्या डोंगरावर चढले.

गावीलगड पाहिला नसेल त्यानं अशी कल्पना करावी: पठाराचा एक भाग कड्यांनी तोडून वेगळा काढलेला, वऱ्हाडाच्या मैदानावर झुकलेला. बहमनी सुलतान अहमदशहानं पंधराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तो बांधला. त्याच शतकाच्या अखेरीस वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानं त्याची डागडुजी केली आणि पुढं स्वतःची इमादशाही उभी केली. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत पकडून आणलेला, असं इतिहासकार फेरिश्ता सांगतो. गडाच्या दिल्ली दरवाज्यावर कोरलेला दोन तोंडांचा पक्षी, हत्ती आणि सिंह पाहिले की दक्षिणेची ती आठवण दगडात उतरली असावी असं वाटत राहतं. आतल्या किल्ल्यात, उंचावर जामा मशीद आहे. कमानींची रांग, वर घुमट, कोपऱ्यावरच्या छत्रीत दगडाची नाजूक जाळी. या मुलखातलं कॅथीड्रल शोधायचंच असेल तर ते हेच म्हणावं लागेल: टेकडीवरचं, राज्याच्या नजरेतलं, शुक्रवारच्या नमाजात ज्याच्या छताखाली साऱ्या गडानं एकत्र यावं असं.

आज तिथं नमाज नाही. मागचे घुमट ढासळले आहेत, फरशीच्या फटींतून गवत उगवतं. गडात तलाव आहेत, जागोजाग मोठ्या तोफा लवंडून पडलेल्या आहेत. बाकी वारा.

या गडाची सारी ताकद त्याच्या दिसण्यात होती आणि त्याचं मरणही त्यातूनच आलं. अडगावच्या पराभवानंतर नागपूरकर भोसल्यांचं उरलेलं बळ इथं गोळा झालं. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, एलिचपुरात (आजच्या अचलपुरात) जखमींसाठी इस्पितळ थाटून पुढं निघाला. दक्षिणेकडून, म्हणजे आमच्या बाजूनं, गड घेणं अशक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगरातून वळसा घालून उत्तरेच्या पठारावर गेली. तीसेक मैलांची ती वाट सैन्यानं स्वतः फोडली आणि जड तोफा दऱ्याखोऱ्यांतून माणसांनी हातानं ओढून नेल्या. बाहेरच्या तटाला भगदाडं पडली. १५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी हल्ला झाला. आतला तट अभंग होता, तेव्हा ९४ व्या स्कॉटिश पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलनं दरी ओलांडून शिड्या लावल्या आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. ७८ व्या पलटणीचा एक भाग वायव्येच्या दरवाज्यावर उभा होता, पळून निघालेल्यांच्या वाटेत. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. सत्तावन्नच्या उठावात तात्या टोपे इथं येऊन बसेल या धास्तीनं इंग्रजांनी १८५८ मध्ये तटही पाडून ठेवले.

ज्या उंचीवरून मुलूख दिसतो ती उंची मुलूख जिंकायला निघालेल्या प्रत्येकाला हवी असते. मोगलांना हवी होती, भोसल्यांना हवी होती, वेलस्लीला हवी होती. आता पर्यटकांना हवी आहे. चिखलदऱ्याला दरीवरून काचेचा लांबलचक पूल करायचं काम सिडकोनं हाती घेतलं, तेही याच भुकेपोटी. लोकांना खाली पाहायचं आहे. त्यात वाईट काही नाही. मीही तिथं नातेवाइकांना नेतो, कठड्याला धरून उभं करतो आणि खाली दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी एक आमचं परतवाडा आहे असं ठासून सांगतो.

मुक्तागिरीला जायचं तर बैतूल रोड धरायचा. खरपीला वळायचं. सरळ गेलो असतो तर पुढं बहिरम. तिथं हिवाळ्यात महिनाभर यात्रा भरते, रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या वासानं सारा माळ भरून जातो, आणि मटणाच्या हंड्यांचा लौकिक तर जिल्हाभर. गाडगेबाबांनी याच यात्रेत कीर्तनं करून देवापुढं पशूंचा बळी देणं थांबवायला लोकांना भाग पाडलं. एका फाट्यावरून एका बाजूला हंडी आणि दुसऱ्या बाजूला कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. वऱ्हाडी माणूस दोन्हीकडं तितक्याच श्रद्धेनं जातो, फक्त एकाच दिवशी दोन्ही करत नाही.

वाटेत कुठंतरी महाराष्ट्र संपतो. १९५६ पर्यंत बैतूल आणि अमरावती एकाच प्रांतात होते. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्याकडं आला आणि मुक्तागिरी बैतूल जिल्ह्यात, मध्य प्रदेशात राहिली. पाट्या हिंदीत होतात, फोनवर स्वागताचा संदेश येतो. बाकी काही बदलत नाही. साग तोच, माती तीच, दुकानदार वऱ्हाडीतच विचारतो, "चाय घेता काय?"

या जागेचा जुना पत्ता मात्र पक्का वऱ्हाडी आहे. निर्वाणकांड या जैनांच्या प्राकृत रचनेत ही जागा मेढगिरी म्हणून येते आणि तिची खूण अचलपूर नगरावरून, ईशान्य दिशेनं दिली आहे. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा. ज्या काळी अचलपूर हे नाव घेतलं की कुठं ते सांगावं लागत नव्हतं, त्या काळचा हा पत्ता आहे. दुसरी कथा मेंढ्याची. वरच्या कड्यावरून पाय घसरून एक मेंढा खाली ध्यानस्थ बसलेल्या मुनींसमोर पडला. मुनींनी मरणाऱ्या जीवाच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. मेंढा देव झाला आणि उपकार फेडायला परत आला. तेव्हापासून अष्टमी-चतुर्दशीला इथं केशराचे शिंतोडे पडतात, असं भाविक मानतात. इतर डोंगरांवर देव अवतरतात, राजे अभिषेक करवून घेतात, राक्षस मरतात. या डोंगराची मुख्य घटना म्हणजे एक मेंढा घसरला आणि शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ कोणीतरी होतं.

पायथ्याशी धर्मशाळा, भोजनशाळा, एक मोठं मंदिर. तिथवर येईपर्यंतही वर काय आहे याचा नीट अंदाज येत नाही. मग दरी वळते आणि पांढरे घुमट एकावर एक दिसू लागतात. काही कड्याला चिकटलेले, काही झाडांत अर्धे शिरलेले. प्रत्येक मंदिराला क्रमांक आहे. चपला खाली काढून आम्ही चढतो. पायऱ्यांवर वांदरं आपल्या हातातल्या पिशवीचं मोल करत बसलेली असतात. एका अंगानं चढत जायचं, ओढ्याच्या पलीकडं जायचं आणि दुसऱ्या अंगानं उतरायचं, अशी ही फेरी. एक मंदिर, पार्श्वनाथाची मूर्ती, डोक्यावर नागफणा, बाहेर ओटा, दम खाणारी माणसं, पुढचा क्रमांक. दहाव्या क्रमांकाचं मंदिर खडकातच कोरलेलं. आत काळोख, गारवा, कोरीव खांब. तिथं बोलणारा माणूस आपोआप आवाज उतरवतो. जवळच कड्यावरून पाणी खाली येतं. श्रावण-भाद्रपदात ते गर्जत कोसळतं आणि तुषार मंदिरांच्या भिंतींवर उडतात. फाल्गुनात खडकावर नुसता ओला काळा पट्टा उरतो.

स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यानं आपल्या १८७६ च्या ग्रंथात मुक्तागिरीबद्दल लिहिलं आहे. हाही स्कॉटिश, एअर गावचा. इमारतींबद्दल त्याला फार कौतुक नव्हतं. फार जुन्या नाहीत, घुमट मुसलमानी वळणाचे, असं त्याचं मत. जागेवर मात्र तो लुब्ध झाला. खोल दरी, मागं धबधबा, त्यात ही मंदिरं, असं चित्र भारतात फार ठिकाणी मिळत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. घुमटांबद्दल त्याचं निरीक्षण बरोबर आहे, त्यातल्या तक्रारीशी मी सहमत नाही. गावीलगडच्या मशिदीचा घुमट आणि मुक्तागिरीच्या मंदिराचा घुमट पाठोपाठ पाहिले की मला हात एकाच मुलखातल्या गवंड्यांचा वाटतो. गवंड्याला घुमट येत होता. खाली कोणाचा देव बसणार, हे मालकानं ठरवायचं.

वर पोचल्यावर नवख्या पाहुण्याची थोडी निराशा होते, हे मी पाहिलं आहे. तो कठडा शोधतो. इतकं चढून आलो तर खालचं दिसायला हवं, ही त्याची अपेक्षा. आणि इथं तर समोर दरीची पलीकडली भिंत, तिच्यावर साग आणि वेली, मध्ये पाणी, आणि दूर, दरीच्या फटीतून मैदानाची एक पाचर. इथं ना मुलूख दिसतो, ना मुलखाला आपण. पदराच्या घडीत मोड बांधून ठेवावी तशी ही मंदिरं डोंगरानं स्वतःच्या घडीत ठेवली आहेत. शोधणाऱ्याच्याच हाती लागावीत.

एडिंबराहून परतल्यावर मला हे पहिल्यांदा नीट कळलं. उंचीचे आपण समजतो त्याहून जास्त उपयोग आहेत. गावीलगडाला उंची हवी होती पाहण्यासाठी, सेंट जाइल्सला दिसण्यासाठी. मुक्तागिरीनं उंची वापरली ती नजरेआड होण्यासाठी. दिगंबर मुनीनं घर सोडलं, वस्त्र सोडलं, नाव सोडलं. त्यानं डोंगर चढायचा तो मुलखावर नजर ठेवायला थोडाच? सोडायचं उरलेलं शेवटचं, म्हणजे लोकांच्या नजरेत असणं, सोडायला तो चढला. म्हणूनच असेल, डिसेंबर १८०३ मध्ये या डोंगरओळीत पलटणी, तोफा, शिड्या, इस्पितळं असा सारा कल्लोळ उडाला तरी त्या लढाईच्या हकीकतीत मला मुक्तागिरी कुठं सापडली नाही. जिथून काही दिसत नाही अशी जागा कोणत्याही सेनापतीच्या उपयोगाची नसते. गड पडला, मशीद ओस झाली, कॅथीड्रलातून बिशप गेले. ज्या जागेला सिंहासनच नव्हतं तिथून उठवणार कोणाला?

इथवर मी बरा खुशीत होतो. आपला डोंगर त्यांच्या डोंगरापेक्षा शहाणा ठरतोय, याचा आनंद परतवाड्याच्या माणसाला होणारच. तेवढ्यात लेकीनं फोनवर एक चित्र पाठवलं. उत्तर फ्रान्समधल्या लाँ या गावचं कॅथीड्रल, बाराव्या शतकातलं, तेही टेकडीवरचं. त्याच्या मनोऱ्यांवर, उंच खांबांच्या मधून, सोळा दगडी बैल डोकी काढून खाली पाहतात. संत नव्हेत, राजे नव्हेत, बैल. टेकडीवर दगड वाहून नेणाऱ्या जनावरांची ती आठवण, असं तिथं सांगतात. ते चित्र मी कितीतरी वेळ पाहत बसलो. पोळ्याला बैल सजवायचे, झूल घालायची, पुरणपोळी चारायची, आणि दुसऱ्या दिवशी परत जुंपायचं, एवढं आम्ही करतो. आठशे वर्षं टिकेल अशा उंचीवर बैलाला नेऊन बसवायचं आम्हाला सुचलं नाही.

आणि मग मुक्तागिरीच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढं वेगळ्या दिसू लागल्या. बावन्न मंदिरांचा चुना, विटा, चिरे, मूर्ती, कळस हे सारं वर कोणी नेलं? कोणत्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे? मंदिराला देणगी देणाऱ्यांची नावं फरशीत आहेत, पायरीत आहेत, पंख्याच्या पात्यावरसुद्धा आहेत. वाहणाऱ्यांची कुठं पाहिल्याचं मला आठवत नाही. दिसण्याचा हव्यास धरलेल्या डोंगरानं आपल्या बैलांनाही दाखवलं. नजरेआड होणाऱ्या डोंगरानं देवाबरोबर हमालालाही नजरेआड केलं. मुनीचं लपणं त्यानं स्वतः निवडलेलं होतं. हमालाला तसं कोणी विचारलं नव्हतं.

ते लोक अजून तिथं आहेत. पायथ्याशी डोलीवाले बसलेले असतात, आसपासच्या खेड्यांतले. बांबूला बांधलेली बैठक, खांद्यावर टॉवेलची घडी. गुडघे गेलेल्या आज्या, दम्याचे आजोबा त्यांच्या खांद्यांवरून क्रमांक एक ते बावन्न पाहून येतात. यंदाच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या डोलीवाल्याजवळ बसलो. विचारलं, "बाबा, पायऱ्या किती आहेत हो एकूण?"

"पायऱ्या मोजाच्या नसतात भाऊ," तो म्हणाला. "मोजल्या का वाढतात."

"आणि वरचं दर्शन? रोज होत असेल तुम्हाला."

"आमी बाहीरच थांबतो. सवारी आत जाते, आमी पानी पेतो." मग जरा थांबून म्हणाला, "पन एक सांगू काय? धबधब्याच्या वर जो वारा लागते ना, तो सवारीले नाही लागत. ते थकली नसते. तो आमालेच लागते."

फर्ग्युसननं लिहिलं नाही, निर्वाणकांडात नाही, माझ्याही तीन उंच्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. थकलेल्या माणसाच्या पाठीला वर लागणारा वारा ही चौथी गोष्ट. ती उंचीची नाही, चढण्याची आहे, आणि ती फक्त वाहणाऱ्याला मिळते. यावरून त्याच्या मजुरीचं समर्थन करायचा बेशरमपणा मी करणार नाही. खांदा सोलतो तो सोलतोच. पण त्या जागेबद्दल सगळ्यात नेमकं वाक्य तिथं देवळात न जाणारा माणूस बोलला, हे सांगायलाच हवं.

आमच्या गल्लीतले कापडवाले शेठकाका मुक्तागिरीला नेमानं जातात. त्यांच्यापुढं मी हे सारं मांडलं. लाँचे बैलही फोनवर दाखवले. काका चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्ये खरंच करासारखं हाय. पायथ्याशी दोन दगडी डोलीवाले. कोनाचं नाव नाही टाकाचं, देनगीदाराचंबी नाही." मग व्यापारी माणूस, लगेच हिशेबावर आले. दगड कुठला, कोरणारा कुठला, खर्च किती, कोणाच्या कानावर घालायचं. मी म्हटलं, काका, दगडाचं नंतर पाहू, आधी डोलीवाल्यांना दुपारी बसायला एक चांगली सावली आणि प्यायला गार पाणी करून देता येईल का? काकांनी दोन क्षण माझ्याकडं पाहिलं.

"त्याच्यासाठी फ्रान्सवरून फोटो कायले मांगवा लागला बाप्पा?" ते म्हणाले. "उद्या रविवार हाय. चाल, मांजऱ्या रंगाचा तो जाड कपडा पडला हाय दुकानात, मापबी घेऊन येऊ."